बुध संपतो, शुक्र सुरू होतो

गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, शनीला साधारण २९.५. म्हणजे तुमच्या जन्माच्या वेळी गुरू ज्या राशीत होता, तिथे तो तुम्ही बारा वर्षांचे होता होता परत येतो. आणि तुम्ही चौदा-पंधरा वर्षांचे असता तेव्हा शनी त्याच्या जन्मवेळच्या जागेच्या बरोब्बर समोर जाऊन उभा राहतो. बारा आणि चौदा. आवाज फुटण्याचं, पाळी सुरू होण्याचं, आरशासमोर जास्त वेळ घालवण्याचं, घरात धाडकन दार आपटण्याचं हेच वय.

हा योगायोग माणसाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. मूल मोठं होतंय हे आकाशात दिसतं का, या प्रश्नावर अलेक्झांड्रियापासून आपल्या पंचांगापर्यंत गेली दोन हजार वर्षं आकडेमोड चालू आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ज्योतिष खरं की खोटं हा वाद मला इथे घालायचा नाही. पण कुणी आकडे मांडले की ते कुठून आले हे उकरून बघायची सवय जात नाही. आणि हे आकडे उकरले, की त्यांच्याखाली ग्रहांपेक्षा माणसंच जास्त सापडतात.

टॉलेमीचा तक्ता

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्लॉडियस टॉलेमी नावाचा विद्वान होता. पृथ्वी मध्यभागी आणि बाकी सगळे तिच्याभोवती, हे चौदाशे वर्षं टिकलेलं गणित त्याचंच. त्याने ज्योतिषावरही एक ग्रंथ लिहिला, 'टेट्राबिब्लोस'. त्याच्या शेवटच्या भागात त्याने माणसाचं आयुष्य सात ग्रहांना वाटून दिलं आहे. क्रम पृथ्वीपासूनच्या अंतराचा: आधी सगळ्यात जवळचा चंद्र, शेवटी सगळ्यात लांबचा शनी.

पहिली ४ वर्षं चंद्राची. पुढची १० बुधाची. मग ८ शुक्राची, १९ सूर्याची, १५ मंगळाची, १२ गुरूची आणि उरलेली सगळी शनीची. चंद्राच्या काळात मूल नुसतं वाढतं. बुधाच्या काळात बोलणं, शिकणं, विचार करणं सुरू होतं. चौदाव्या वर्षी बुध संपतो आणि शुक्र सुरू होतो, म्हणजे प्रेम आणि वासना. शेक्सपिअरच्या एका नाटकात माणसाच्या सात अवस्थांचं प्रसिद्ध भाषण आहे. त्यात शाळकरी पोरानंतर लगेच प्रेमवीर येतो. त्या क्रमामागे हाच जुना तक्ता आहे, असं बरेच अभ्यासक मानतात.

आता आकड्यांकडे बघू. शुक्राचे ८ कुठून आले? आज शुक्र संध्याकाळी जिथे दिसतो, तिथेच तो आठ वर्षांनी, जवळजवळ त्याच तारखेला पुन्हा दिसतो. बाबिलोनच्या लोकांना हे टॉलेमीच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. सूर्याचे १९? दर १९ वर्षांनी अमावस्या-पौर्णिमा पुन्हा त्याच तारखांना येतात. गुरूचे १२ तर उघडच आहेत. हे आकडे खरोखर आकाशातून आलेले आहेत, वर्षानुवर्षं रात्री जागून मोजलेले.

पण बुधाचा आकडा १० नव्हता. ज्या परंपरेतून टॉलेमीने बाकीचे आकडे घेतले, तिथे बुधाला २० वर्षं होती. टॉलेमी स्वतःच सांगतो की मी त्याची निम्मी घेतोय. आणि चंद्राचा तिथला आकडा होता २५. त्याच्या जागी आले फक्त ४.

का? कारण २५ आणि २० घेतले असते, तर बाळपण पंचविसाव्या वर्षी आणि शाळा पंचेचाळिसाव्या वर्षी संपली असती. चौदाव्या वर्षी पोरगं मोठं होऊ लागतं, हे ग्रीक जगात आधीच ठरलेलं होतं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अथेन्सच्या सोलोनने आयुष्याचे सात-सात वर्षांचे तुकडे पाडले होते. पहिल्या सातात दुधाचे दात पडतात, दुसऱ्या सातात शरीर वयात आल्याच्या खुणा दाखवू लागतं. सात दुणे चौदा. टॉलेमीचे चार अधिक दहा, तेही चौदाच.

म्हणजे उत्तर आधी माहीत होतं. समीकरण त्याला बसेल असं नंतर बेतलं गेलं. आमच्या क्षेत्रात कोडमध्ये असा आकडा सापडला, तर रिव्ह्यूमध्ये पहिली कॉमेंट येते: 'हा कुठून आला?' टॉलेमीच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. हा आकडा पोरांकडे बघून आला, आणि नंतर ग्रहाच्या नावावर टाकला गेला.

वराहमिहिराचे बारा

ग्रीक ज्योतिष इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत भारतात आलं. 'यवनजातक' या संस्कृत ग्रंथाचं नावच त्याची साक्ष देतं. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहज्जातक' लिहिलं. त्यात 'नैसर्गिक दशा' नावाचा एक प्रकार आहे. जन्मवेळ काहीही असो, सगळ्यांना सारखीच लागू होणारी ही वाटणी: चंद्र १ वर्ष, मंगळ २, बुध ९, शुक्र २०, गुरू १८, सूर्य २०, शनी ५०. बेरीज १२०.

क्रम टॉलेमीपेक्षा वेगळा आहे, आकडेही वेगळे. पण सुरुवातीची बेरीज करून बघा. एक, दोन आणि नऊ मिळून बारा. इथेही बुधानंतर शुक्रच येतो, फक्त दोन वर्षं आधी. अलेक्झांड्रियात बालपण चौदाव्या वर्षी संपतं, उज्जयिनीत बाराव्या. आकाश दोन्हीकडे तेच, बुधही तोच. कुणाचं बालपण कधी संपलं असं मानायचं, हा रिवाज तेवढा निराळा.

भाषेतही हा गोंधळ उतरला आहे. 'अ‍ॅडोलेसन्स'साठी आपण 'पौगंडावस्था' म्हणतो. संस्कृतातल्या जुन्या वाटणीत पाचव्या वर्षापर्यंत कौमार, पाच ते दहा पौगंड आणि दहा ते पंधरा कैशोर. म्हणजे ज्या मुलांना आपण आज पौगंडावस्थेतली म्हणतो, ती जुन्या हिशोबाने पौगंड कधीच ओलांडून गेलेली असतात.

पुढे आपल्याकडे जास्त रुळली ती विंशोत्तरी दशा. तिचीही बेरीज १२०, पण तिची सुरुवात जन्मनक्षत्रावरून होते. त्यामुळे एकाच बाकावरच्या दोन पोरांपैकी एकाला शुक्राची वीस वर्षं चालू असतात आणि दुसऱ्याला शनीची एकोणीस. साडेसातीही तशीच: चंद्रराशीच्या मागच्या, त्याच आणि पुढच्या राशीत शनी असतो ती साडेसात वर्षं. वयाशी तिचा काही संबंध नाही. तरीही ती 'नेमकी' वयात येतानाच येते असं घरोघरी वाटतं. कसं?

हिशोब सोपा आहे. कुठल्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असते, म्हणजे चौथा हिस्सा लोकांना. पण दहा ते सोळा या सहा वर्षांत कधी ना कधी साडेसातीचा स्पर्श होण्याची शक्यता काढायची तर साडेसात अधिक सहा, भागिले साडेएकोणतीस. उत्तर ४५ टक्क्यांच्या थोडं वर. साठ जणांच्या वर्गात सत्तावीस पोरं. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी म्हणणार, 'बघ, मी म्हणत नव्हते?'

त्या सत्ताविसांपैकी मी एक. माझी रास वृश्चिक. नोव्हेंबर २०११ मध्ये शनी तूळ राशीत आला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आठवीत. मार्क घसरले, बाबांशी बोलणं तुटलं, मित्र बदलले. आजीने निदान केलं, 'शनी आहे रे बाळा त्याच्या मागे, बोलू नका त्याला फार.' मग दर शनिवारी मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ सुरू झाली. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या घरात माझ्या चिडचिडीला दुसरं नावच नव्हतं. हार्मोन हा शब्द कुणी उच्चारला नसता. शनीमुळे निदान सगळे थोडे मऊ वागले, आणि याला शेवट आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलं. एखाद्या समुपदेशकाने याहून फार वेगळं काय सांगितलं असतं?

पण हा मऊपणा मुलग्याच्या वाट्याला आला होता.

पंचांगात नोंदलेली मुलगी

माझी आतेबहीण माझ्याच वर्षी जन्मलेली. तिला पाळी आली ती साडेदहाव्या वर्षी, पाचवीत. माझ्या ओठांवर लव यायला साडेचौदा उजाडले. मधली चार वर्षं आम्ही एकाच वयाचे होतो, पण ती 'मोठी' होती आणि मी 'अजून लहान'. त्या उन्हाळ्यात आत्याने तिला अंगणातल्या क्रिकेटमधून बोलावून घेतलं, ते कायमचंच. आणि आजीने कॅलेंडर काढून विचारलं, 'कितीला आली? वार कोणता होता?'

हा प्रश्न आजीचा एकटीचा नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी 'धर्मसिंधु' हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रात धर्मविधींचा निर्णय घ्यायला तो आजही उघडला जातो. प्रथम रजोदर्शन कोणत्या महिन्यात, तिथीला, वाराला, नक्षत्रावर झालं तर शुभ आणि कधी झालं तर शांती करावी, याची त्यात तपशिलाने चर्चा आहे. मुलीचं शरीर मुहूर्त बघून चालत नाही. मग ते चाललं की मागाहून आकाश तपासायचं, आणि जुळलं नाही तर त्याचा भार तिच्यावर टाकायचा.

लग्नाचं मात्र आधीच ठरवता येत होतं. आठ वर्षांची गौरी, नऊची रोहिणी, दहाची कन्या, त्यापुढे रजस्वला. या उतरंडीत बापाला घाई असे. घोडनवरी म्हणून मुलगी घरात राहणं ही बदनामी. या घाईला गुरूचा लगाम होता. वधूला गुरुबळ हवं. गुरू चंद्रराशीपासून चौथा, आठवा किंवा बारावा असेल तर ते नाही. गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो, म्हणजे वर्षभर थांबा, नाहीतर बृहस्पतिशांती करा. शिवाय गुरू सिंहेत असताना लग्न-मुंजी वर्ज्य. प्रदेशागणिक त्याला अपवाद होते, पण दर बारा वर्षांनी येणारा हा खंड सगळ्यांना ठाऊक असे.

ग्रहाच्या तालावर लग्नं लावली की पोरांच्या वयाचं काय होतं, याचं टोक बघायचं तर उत्तर गुजरातेत जावं लागेल. उंझा गावी उमिया मातेचं देऊळ आहे. कडवा कणबी समाजात, म्हणजे आजच्या कडवा पाटीदारांत, अख्ख्या जातीची लग्नं एका ठरलेल्या मुहूर्तावर लागत. ज्योतिषांचं गणित आणि देवीचा कौल यावरून तिथे तारीख निघे, आणि ती नऊ ते अकरा-बारा वर्षांतून एकदाच येई. ही तारीख हुकली तर पुढची येईतो मुलगी विशीला टेकायची. म्हणून त्या दिवशी सगळ्यांचंच लग्न लागे. दहा वर्षांच्या मुलीचं, पाळण्यातल्या मुलीचं, आणि दोन गर्भारशी बायकांनी फेरे घेऊन पोटातल्या पोरांचंही. ज्यांना वर मिळत नसे ते मुलीचं लग्न फुलांच्या गुच्छाशी लावत आणि गुच्छ विहिरीत टाकत. मुलगी विधवा ठरे, म्हणजे पुढे सवडीने पाट लावायची सोय. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये हे सगळं नोंदलेलं आहे.

या चक्राने कुणाचं वय बघितलंच नाही. बारा वर्षांची आणि बारा दिवसांची, दोघी एकाच मांडवात.

तारीख बदलणारे

उंझा बडोदे संस्थानात होतं. तिथले राजे सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक घेऊन त्यांना गादीवर आणलं तेव्हा ते स्वतः बारा वर्षांचे होते. मोठं होण्याची तारीख दुसऱ्याने ठरवणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नसावी. १९०४ मध्ये त्यांनी बडोद्यात बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला. मुलगी किमान १२, मुलगा १६. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा यायला आणखी पंचवीस वर्षं लागली.

त्याआधी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. नवऱ्याने १८८४ मध्ये नांदायला यावं म्हणून दावा लावला. आपली संमती नसताना लहानपणी झालेलं लग्न आपल्याला बांधत नाही, ही त्यांची भूमिका. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढच्या वर्षी पैशांवर तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. अकराव्या वर्षाचा मुहूर्त कितीही शुभ असला तरी माझा 'हो' त्यात नव्हता, हा मुद्दा त्यांच्याइतक्या स्पष्टपणे त्याआधी इथल्या कोर्टात कुणी मांडला नव्हता.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे ती रक्तस्राव होऊन गेली होती. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा करण्यात आलं. टिळकांसह अनेकांनी विरोध केला. विरोधकांचा एक मुख्य युक्तिवाद असा, की पहिल्या पाळीनंतर ठरावीक दिवसांत गर्भाधान झालंच पाहिजे, आणि काही मुलींना पाळी बाराच्या आत येते. म्हणजे इथे शरीराचं घड्याळ पुढे केलं गेलं, तेही मुलीच्या बाजूने नव्हेच.

मग १९२९ चा शारदा कायदा आला. मुलगी १४, मुलगा १८. तो १ एप्रिल १९३० पासून लागू व्हायचा होता, तर आधीच्या महिन्यांत बालविवाहांची झुंबड उडाली, अगदी मुहूर्त टळतोय म्हणून उडावी तशी. आणि एक गंमत, ज्यांचे कायदे आपण पुढारलेले समजतो त्या इंग्लंडमध्ये १९२९ पर्यंत लग्नाचं किमान वय होतं मुलीसाठी १२ आणि मुलासाठी १४. हे आकडे थेट रोमन कायद्यातून आलेले. तिथे मुलगा वयात आला हे शरीर तपासून ठरवावं असं काही कायदेपंडित म्हणत. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनने ती तपासणी लाजिरवाणी म्हणून बंद केली आणि सरसकट चौदा ठरवून टाकले. सोलोनचे चौदा, टॉलेमीचे चौदा, जस्टिनियनचे चौदा.

कायद्याचा आकडाही ग्रहाच्या आकड्यासारखा सरसकटच असतो. आजचा १८ हाही कुणाच्या शरीरात लिहिलेला नाही. फरक एवढाच, की हा आकडा माणसांनी ठरवला हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्यावर भांडता येतं. तो १० चा १२, १२ चा १४, १४ चा १८ करता येतो. गुरूची फेरी कुणाला पुढे ढकलता येत नाही. ठरवणारे मात्र तिच्या आड उभे राहू शकतात.

क्रम आणि घड्याळ

१९४० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये जेम्स टॅनर या डॉक्टरने हार्पेंडन इथल्या मुलांची वाढ वर्षानुवर्षं मोजायला सुरुवात केली. तीच मुलं, पुन्हा पुन्हा. त्यावरून १९६९ आणि १९७० मध्ये त्याने मार्शल या सहकाऱ्याबरोबर वयात येण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. जगभरचे बालरोगतज्ज्ञ आजही त्याच वापरतात. त्यातून दिसलं ते असं: पायऱ्यांचा क्रम बहुतेकांचा सारखा असतो, पण पहिली पायरी कधी यावी याला धरबंध नाही. मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ यांत कधीही सुरुवात झाली तरी डॉक्टर ते नेहमीचंच मानतात. माझी आतेबहीण आणि मी, दोघंही या चौकटीत आरामात बसत होतो. क्रिकेट सुटण्याइतकं त्यात काहीच घडलं नव्हतं.

टॉलेमी आणि वराहमिहिर क्रमाबद्दल बरोबर होते. आधी बोलणं-शिकणं, मग ओढ. बुधानंतर शुक्र, हे पोरांकडे नीट पाहिलेल्या माणसांनी लिहिलेलं आहे. चुकलं ते सगळ्यांच्या मनगटावर एकच घड्याळ बांधण्यात.

खुद्द गुरूचं घड्याळही बारावर चालत नाही. वर्षाला थोडं थोडं साचत जातं, आणि सात फेऱ्यांना ८४ ऐवजी ८३ वर्षंच होतात. बाबिलोनच्या पाट्यांवर हा ८३ आहे. हरिद्वारचा कुंभ १९३८ मध्ये बाराऐवजी अकरा वर्षांनी भरला होता, तसाच पुन्हा २०२१ मध्ये. मधलं अंतर ८३ वर्षं.

२०२६ च्या ऑक्टोबरअखेर गुरू सिंहेत शिरेल आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ सुरू होईल. मुख्य स्नानं २०२७ मध्ये. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या दवाखान्यांत जन्मलेली मुलं तेव्हा बारा वर्षांची असतील, सातवीत वगैरे. सगळ्यांचा गुरू एक फेरी पुरी करून जागेवर आलेला असेल. त्यातल्या काही मुली आईइतक्या उंच असतील, काहींच्या दप्तरात अजून भातुकलीची वाटी सापडेल. काही मुलगे फुटक्या आवाजामुळे वर्गात वाचायला उभे राहणार नाहीत, आणि काहींना अजून गाण्याच्या स्पर्धेत मुलींच्या पट्टीत गाता येईल. घाटावर गर्दीत ती सगळी एकाच रांगेत उभी असतील, आणि एवढी वेगवेगळी असूनही सगळी अगदी वेळेवर असतील.